मीठ धरणारा कोळसा

प्रश्न : आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात आहे. शाळेच्या बोअरचं पाणी टीडीएस मीटरवर दोन हजारांच्या आसपास दाखवतं. शाळेत आरओ बसवला आहे, पण तो जेवढं पाणी देतो त्याच्या दुप्पट-तिप्पट नालीत सोडतो आणि मुलं रोज ते बघत असतात. मध्यंतरी वाचनात आलं, की कोळशाच्या दोन पट्ट्यांमधून पाणी जाऊ दिलं आणि त्यांना नुसती वीज जोडली तरी पाण्यातलं मीठ निघतं. हे खरं आहे का? खरं असेल तर ते आमच्यापर्यंत अजून का आलं नाही?
(एक शिक्षिका, जि. अमरावती)

उत्तर : ताई, आपण वाचलंत ते खरं आहे. या पद्धतीला ‘कपॅसिटिव्ह डीआयोनायझेशन’ म्हणतात. सोयीसाठी आपण सीडीआय म्हणू. आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग मात्र दोन ओळींत संपणारा नाही, कारण त्याचं उत्तर त्या कोळशात दडलेलं आहे. गेली साठ वर्षं संशोधक तो सुधारत आहेत.

आधी पद्धत पाहू. मीठ पाण्यात विरघळलं की त्याचे दोन प्रकारचे कण होतात. सोडियमच्या कणावर धन भार असतो आणि क्लोराइडच्या कणावर ऋण भार. या भारित कणांना आयन म्हणतात. सच्छिद्र कोळशाच्या दोन पातळ पट्ट्या समोरासमोर ठेवून मधल्या फटीतून पाणी सोडायचं आणि पट्ट्यांना साधारण १.२ व्होल्टचा डीसी पुरवठा जोडायचा. सोडियम ऋण पट्टीकडे ओढला जातो, क्लोराइड धन पट्टीकडे. दोन्ही आपापल्या पट्टीतल्या बारीक छिद्रांत शिरतात आणि वीज चालू असेपर्यंत तिथेच राहतात. फटीतून बाहेर पडणारं पाणी त्या मानाने गोडं असतं. काही मिनिटांत छिद्रं भरतात. मग वीज तोडून दोन्ही पट्ट्या तारेने एकमेकींना जोडायच्या. कोळशावरचा भार उतरतो, धरलेले आयन सुटतात आणि थोड्या पाण्याबरोबर ते खारं पाणी वेगळ्या नळीने काढून टाकता येतं. पट्ट्या पुन्हा रिकाम्या झाल्या की पुढची फेरी सुरू.

१.२ व्होल्टच का, तर १.२३ व्होल्टच्या पुढे पाण्याचंच हायड्रोजन आणि ऑक्सिजनमध्ये विघटन होणं शक्य होतं. मग वीज मीठ ओढण्याऐवजी पाणी फोडण्यात जाऊ लागते.

आरओशी याचा फरक समजून घेण्यासारखा आहे. आपल्या बोअरच्या एक लिटर पाण्यात मीठ आहे सुमारे दोन ग्रॅम. आरओमध्ये पंप लावून हवं तेवढं सगळं पाणी पडद्यातून ढकलावं लागतं आणि मीठ अलीकडे अडवलं जातं. सीडीआयमध्ये ते दोन ग्रॅमच बाजूला ओढले जातात आणि पाणी आपल्या वाटेने जातं. त्यामुळे पाणी जितकं कमी खारं, तितकं या पद्धतीचं काम हलकं. आपल्याकडे ज्याला मचूळ म्हणतात ते पाणी तिच्या टप्प्यात येतं.

आता त्या कोळशाकडे येऊ. नारळाची करवंटी हवा न लागू देता जाळली की कोळसा होतो. तोच कोळसा आठशे-नऊशे अंश सेल्सिअसला वाफेच्या झोतात ठेवला तर वाफ त्यातला थोडा थोडा कार्बन कार्बन मोनॉक्साइडच्या रूपात काढून नेते आणि मागे असंख्य सूक्ष्म छिद्रं उरतात. पाण्याच्या फिल्टरमध्ये वापरतात तो ॲक्टिव्हेटेड कार्बन असाच तयार होतो. अशा चांगल्या कोळशाच्या एका ग्रॅममध्ये आतला पृष्ठभाग एक ते दोन हजार चौरस मीटर असू शकतो. पुरुषांच्या कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटरचं, म्हणजे १३० चौरस मीटर. तेव्हा चिमूटभर काळ्या भुकटीत दहा-पंधरा मैदानं मावतात असं समजा. शिवाय कोळसा वीज वाहतो, पाण्यात विरघळत नाही आणि स्वस्त असतो. हे तिन्ही गुण एकत्र असलेला दुसरा पदार्थ सहजासहजी सापडत नाही.

या भुकटीची पट्टी करणं ही वेगळी कारागिरी आहे. भुकटीत थोडा काजळीसारखा वाहक कार्बन आणि पाच-दहा टक्के टेफ्लॉन घालतात, अल्कोहोलने भिजवून ते मळतात, पाव मिलिमीटर जाडीपर्यंत लाटतात, वाळवतात आणि ग्रॅफाइटच्या पातळ पत्र्यावर दाबून बसवतात. टेफ्लॉन कणांना धरून ठेवतो, पण तो स्वतः वीज वाहत नाही, पाणी झिडकारतो आणि काही छिद्रांची तोंडं बंद करतो. तो कमी घातला तर भुकटी सुटून पाण्यात येते आणि जास्त घातला तर चांगल्या कोळशाचा काही भाग वाया जातो. इलेक्ट्रोड सुधारण्याच्या कामातला बराच वेळ अशा साध्या दिसणाऱ्या गोष्टींवर जातो. प्रसिद्धी मात्र नव्या चमकदार पदार्थांना मिळते, आणि मला ते अन्यायाचं वाटतं.

आपल्या शाळेचा हिशेब मांडून पाहू. पाणी दोन हजारांवरून पाचशेवर आणायचं आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात पाचशे ही स्वीकारार्ह मर्यादा आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर दोन हजारांपर्यंत चालवून घ्यावं असं ते मानक सांगतं. म्हणजे लिटरमागे दीड ग्रॅम मीठ काढायचं. साधा चांगला कोळसा, दोन्ही इलेक्ट्रोड मिळून, एका फेरीत ग्रॅममागे १० ते १५ मिलिग्रॅम मीठ धरतो. १२ धरलं तर लिटरमागे १२५ ग्रॅम कोळसा लागला. फेरी अर्ध्या तासाची धरली आणि यंत्र दिवसाला दहा तास चालवलं तर एक किलो कोळसा दिवसाला १६० लिटर पाणी देईल. तीनशे मुलांना प्रत्येकी दोन लिटर द्यायचं झालं तर चार किलोच्या आसपास कोळसा पुरेल. विजेचं गणितही सोपं आहे. दीड ग्रॅम मिठासाठी सुमारे २,४७५ कूलोम भार लागतो. १.२ व्होल्टला तो पोचवायला जवळपास ३,००० ज्यूल, म्हणजे हजार लिटरला ०.८ युनिट वीज. हा एकही इलेक्ट्रॉन वाया गेला नाही असं धरून काढलेला आकडा आहे. प्रत्यक्षात तो वाढतो. उलट बाजूने, पट्ट्या रिकाम्या करताना त्यातली काही वीज परत मिळवता येते, कारण हे यंत्र मुळात कपॅसिटरच आहे.

कागदावर एवढं सोपं दिसतं, मग अडतं कुठे?

अमेरिकेत ओक्लाहोमा विद्यापीठात ब्लेअर आणि मर्फी यांनी १९६० मध्ये सच्छिद्र कार्बनच्या इलेक्ट्रोडांनी पाण्यातले क्षार काढण्याचं काम प्रसिद्ध केलं. त्या काळी खारं पाणी गोडं करण्याच्या संशोधनाला तिथलं सरकार सढळ हाताने पैसा देत होतं. सुरुवातीला समज असा होता, की कोळशाच्या पृष्ठभागावर जे रासायनिक गट असतात तेच आयनांना बांधून ठेवतात. १९७१ मध्ये जॉन्सन आणि न्यूमन यांनी दाखवलं, की मुख्य काम भाराचं आहे. कोळशावर जितका भार बसतो, तितकेच विरुद्ध भाराचे आयन त्याच्या पृष्ठभागालगत येऊन थांबतात. सिद्धान्त पक्का झाला, पण त्याच सुमारास धन पट्टी टिकत नाही हेही दिसलं आणि काम थंडावलं. ही धन पट्टी लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचं आहे.

१९९० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत जोसेफ फार्मर यांनी कार्बन एरोजेल वापरून हा विषय पुन्हा जागा केला. तिथल्याच रिचर्ड पेकाला यांनी हा पदार्थ घडवला होता. रिसॉर्सिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड यांचा जेल करायचा, तो आकसू न देता वाळवायचा आणि मग भाजून त्याचा कार्बन करायचा. अखंड, हलकी, वीज वाहणारी वडी मिळते, टेफ्लॉनची गरज पडत नाही. मात्र खर्च भारी. त्या काळातला सगळा भर पृष्ठभाग वाढवण्यावर होता.

पुढे कळलं, की नुसता पृष्ठभाग मोजून काही कळत नाही. नेदरलँड्समधल्या लेवार्डन इथल्या ‘वेट्सुस’ या जलसंशोधन संस्थेतले मार्टेन बिशोवेल आणि स्लावोमिर पोराडा, तसंच जर्मनीतल्या झारब्रुकेनचे फोल्कर प्रेसर यांनी २०१२-१३ च्या सुमारास वेगवेगळ्या कोळशांची छिद्रं मोजून त्यांची मीठ धरण्याची क्षमता तपासली. मीठ सर्वांत जास्त धरत होती ती एक नॅनोमीटरच्या आसपासची किंवा त्याहून बारीक छिद्रं. पाण्याच्या रेणूंचं वेष्टण धरून सोडियमचा आयन सुमारे ०.७ नॅनोमीटर रुंद असतो. म्हणजे ही छिद्रं आयनाच्या अंगाबरोबरचीच आहेत. आपल्या बोअरच्या पाण्याएवढ्या खारेपणात भारित पृष्ठभागाचा प्रभाव दीडेक नॅनोमीटरपर्यंत पोचतो. त्यामुळे एवढ्या अरुंद छिद्रात समोरासमोरच्या भिंतींचे प्रभाव एकमेकांत मिसळतात आणि आतली सगळी जागाच आयन धरणारी होते. मोठ्या छिद्रात मधलं पाणी नुसतंच पडून राहतं. अर्थात सगळीच छिद्रं बारीक ठेवली तर आयनांना आतपर्यंत पोचायला फार वेळ लागतो आणि अर्ध्या तासाची फेरी लांबत जाते. म्हणून आज चांगला इलेक्ट्रोड म्हणजे ज्यात येण्याजाण्यासाठी मोठ्या वाटा आहेत आणि मुक्कामासाठी बारीक छिद्रं आहेत असा. अशी रचना करवंटीच्या कोळशातही साधता येते, त्यासाठी एरोजेलच पाहिजे असं नाही.

दुसरी अडचण वाया जाणाऱ्या भाराची. वीज जोडण्याआधीही कोळशाच्या छिद्रांत खारं पाणी भरलेलं असतंच, म्हणजे तिथे दोन्ही प्रकारचे आयन असतात. ऋण पट्टीला भार दिला की ती सोडियमला आत ओढते आणि त्याच वेळी आत असलेल्या क्लोराइडला बाहेर हाकलते. जितका भार या हाकलण्यात खर्ची पडला, तितकं मीठ पाण्यातून निघालंच नाही. यावर उपाय म्हणून प्रत्येक पट्टीसमोर एकाच भाराच्या आयनांना जाऊ देणारा पडदा लावतात. हाकललेला आयन पडद्याआड अडकतो, बाहेरच्या पाण्यात येत नाही, आणि तोल सांभाळायला आणखी सोडियम आत यावाच लागतो. काम बरंच सुधारतं. नेदरलँड्समध्ये सुरू झालेल्या ‘व्होल्टिया’ कंपनीने अशीच पडद्याची यंत्रं बाजारात आणली. पण हे पडदे महाग असतात, आणि स्वस्त कोळशाच्या यंत्रात सर्वांत महाग भाग पडदाच होऊन बसतो.

आता धन पट्टी.

कोळसा हा शेवटी जळणारा पदार्थ. चुलीत तो विस्तवाने जळतो. पाण्यात, धन भाराखाली, तो विस्तवाशिवाय आणि अतिशय हळू जळतो. पाण्याच्या रेणूतला ऑक्सिजन घेऊन कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो. रसायनशास्त्राच्या हिशेबाने या क्रियेला जेमतेम ०.२ व्होल्ट पुरतात. ती फार मंद आहे म्हणूनच आपण १.२ व्होल्ट लावू शकतो. पण मंद असली तरी ती थांबत नाही. दिवसाला वीसेक फेऱ्या आणि वर्षाला हजारो फेऱ्या झाल्या की परिणाम दिसू लागतो.

पट्टी झिजते, हा नुकसानीचा कमी महत्त्वाचा भाग. खरा घोळ पूर्ण न जळलेल्या कार्बनने होतो. छिद्रांच्या भिंतींवर ऑक्सिजनयुक्त आम्लगट तयार होतात आणि पाण्यात त्यांच्यावर कायमचा ऋण भार राहतो. म्हणजे जी पट्टी धन असायला हवी, तिच्या भिंती वीज नसतानाही ऋण झालेल्या असतात आणि त्यांनी सोडियम धरून ठेवलेला असतो. वीज जोडली की आधी हा धरलेला सोडियम बाहेर फेकला जातो आणि मगच क्लोराइड आत यायला लागतो. प्रयोगशाळेत हे अगदी डोळ्यांसमोर दिसतं. नवी पट्टी असताना वीज लावली की पाण्याच्या क्षारतेचा आलेख सरळ खाली जातो. पट्टी जुनी झाली की तोच आलेख आधी वर उसळी मारतो आणि मग खाली वळतो. दिवसेंदिवस ती उसळी मोठी होते आणि खालचा उतार लहान. शेवटी वीज तेवढीच जाते, मीठ मात्र निघत नाही.

ऋण पट्टीही अगदी निर्दोष नाही. पाण्यात विरघळलेल्या हवेतल्या ऑक्सिजनपासून तिथे थोडा हायड्रोजन पेरॉक्साइड बनतो, तो कोळशाला लागतो. शिवाय तिच्याजवळचं पाणी अल्कधर्मी होतं आणि जड पाण्यातला चुना तिथे खपलीसारखा बसतो. आपल्या भागातल्या पाण्यासाठी ही नोंद महत्त्वाची आहे.

यावर बरेच उपाय करून झाले आहेत. व्होल्टेज एकच्या खाली ठेवायचं, पट्ट्यांची अदलाबदल करत राहायचं म्हणजे झीज दोघींत वाटली जाईल, पाण्यातला ऑक्सिजन आधी काढायचा, कोळशात नायट्रोजन मिसळून त्याचा पृष्ठभाग बदलायचा, धन पट्टीवर पातळ लेप द्यायचा. प्रत्येकाने थोडं आयुष्य वाढतं आणि प्रत्येकाची काही किंमत मोजावी लागते.

मला सर्वांत मनापासून आवडलेला उपाय केंटकी विद्यापीठातल्या शिन गाओ, जेम्स लँडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा आहे, २०१५ मधला. त्यांनी विचार केला, की जुन्या पट्टीला ही खोड लागतेच, तर ती सुरुवातीलाच मुद्दाम लावू. एका पट्टीचा कोळसा नायट्रिक आम्लात ठेवून त्यावर ऋण गट तयार केले आणि दुसऱ्या पट्टीवर अमाइन वर्गाचे धन गट बसवले. आता वीज नसताना, दोन्ही पट्ट्या तारेने नुसत्या जोडलेल्या असताना, त्या मीठ धरतात. वीज लावली की ते सोडून देतात. सगळं चक्रच उलटं झालं. या व्यवस्थेत पुढे होणारं ऑक्सिडेशन लवकर घातक ठरत नाही, कारण त्यातून जे गट तयार होतात ते आधीपासून तिथे हवेच होते. यंत्र नेहमीच्या रचनेपेक्षा कित्येक पटींनी जास्त टिकलं. एका फेरीत ते मीठ कमी धरतं, हा त्याचा तोटा आहे. पण ब्लेअर आणि मर्फी यांनी ज्या पृष्ठगटांवर सगळं श्रेय टाकलं होतं आणि न्यूमन यांनी ज्यांना बाजूला सारलं, ते गट पन्नास वर्षांनी कामाला आले.

आपल्यापर्यंत हे का आलं नाही, याचं माझं उत्तर असं. शोधनिबंधांमध्ये एका ग्रॅमने किती मिलिग्रॅम मीठ धरलं हा आकडा पहिल्या पानावर असतो. हजार फेऱ्यांनंतर त्यातलं किती उरलं हे कित्येकदा दिलेलंच नसतं, किंवा पन्नास फेऱ्यांवर थांबवलेलं असतं. आणि तेही शुद्ध पाण्यात मीठ टाकून केलेल्या द्रावणात. बोअरच्या पाण्यात चुना, लोह, सिलिका, कुजलेला पाला असं सगळं असतं. ग्रामपंचायतीला दहा मिलिग्रॅम धरणारा आणि पाच वर्षं चालणारा इलेक्ट्रोड हवा आहे. तीस मिलिग्रॅम धरणारा आणि दोन महिन्यांत थकणारा तिच्या काही उपयोगाचा नाही.

दुसरं कारण आरओ स्वतःच फार सुधारला हे आहे. येल विद्यापीठातल्या मेनाकेम एलिमेलेक यांच्या गटाने २०१९ मध्ये दोन्ही पद्धती एकाच मापाने तोलल्या तेव्हा मचूळ पाण्यासाठीही चांगल्या मोठ्या आरओ प्रकल्पाला कमी ऊर्जा लागते असा निष्कर्ष निघाला. त्या तुलनेतल्या गृहीतकांवर वाद झाले. तरीही सीडीआय वीज वाचवतं म्हणून घ्या, असं मी आपल्याला सांगणार नाही. शाळेतला छोटा आरओ मोठ्या प्रकल्पाइतका काटकसरी नसतो. तिथे सीडीआयचा खरा फायदा पाण्याच्या बचतीचा आहे. शंभर लिटरमधलं ऐंशी लिटर वापरात आणणं या पद्धतीला जमतं, कमी दाबावर जमतं आणि सौर पॅनेलच्या डीसी विजेवर जमतं. आपल्याकडे आयआयटी मद्रासचे टी. प्रदीप यांच्या पुढाकारातून उभी राहिलेली ‘इनोडीआय’ ही कंपनी या तंत्रावर काम करते. तेव्हा देशात कुणी करतच नाही असं नाही.

यंत्र आणायचा विचार झालाच तर दोन गोष्टी विसरू नका. भार नसलेलं काहीही यात निघत नाही. जंतू नाहीत, बहुतेक कीटकनाशकं नाहीत, सिलिकाही नाही. जंतूंची सोय वेगळी करावी लागेल. आणि उरलेल्या वीस लिटरमध्ये, वरच्याच हिशेबाने, लिटरमागे आठ ग्रॅम मीठ असेल. पूर्णेच्या खोऱ्यातल्या काळ्या, निचरा न होणाऱ्या जमिनीत ते सोडलं तर आपण शाळेच्या अंगणातच खारपाण वाढवतो. त्यासाठी प्लास्टिक अंथरलेलं उथळ टाकं करून वैदर्भीय उन्हाला ते वाळवू द्यावं. ही व्यवस्था कागदावर नसेल तर यंत्र घेऊ नका, इतकं मला हे महत्त्वाचं वाटतं.

प्रश्न : मालवणला समुद्र दारात आहे आणि एप्रिल-मेमध्ये प्यायला टँकर. समुद्राच्या पाण्यावर हे चालेल का?
(एक वाचक, जि. सिंधुदुर्ग)

उत्तर : साध्या कोळशाच्या पट्ट्यांनी नाही. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे ३५ ग्रॅम क्षार असतात. वरचाच हिशेब लावला तर लिटरमागे जवळजवळ तीन किलो कोळसा आणि वीसेक पट वीज लागेल. समुद्रासाठी आरओच बरा, त्याला हजार लिटरला तीन-चार युनिट पुरतात. पट्टी भरते हीच अडचण असल्याने कोरियातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये पट्टीच काढून टाकली आणि कोळशाची भुकटी पाण्यात कालवून तो गाळ पडद्यांच्या मागून वाहता ठेवला. भरलेला कोळसा पुढे जातो, रिकामा मागून येतो. त्यांनी लिटरला ३२ ग्रॅमच्या पाण्यातलंही बहुतेक मीठ काढून दाखवलं. पण घट्ट गाळ पंपाने फिरवणं आणि नळ्या तुंबू न देणं हे मोठं काम आहे. भरतीचं पाणी शिरून किनाऱ्यालगतच्या विहिरी मचूळ होतात, त्यांच्यासाठी मात्र साध्या पट्ट्यांचा विचार जरूर करावा.

प्रश्न : ग्राफीन आणि नॅनोट्यूब असताना करवंटीच्या कोळशात का अडकायचं?
(एक अभियांत्रिकी विद्यार्थी, पुणे)

उत्तर : ग्राफीनचा सुटा पापुद्रा असेल तर त्याचा पृष्ठभाग ग्रॅममागे २,६०० चौरस मीटरपर्यंत भरतो, पण इलेक्ट्रोड करताना पापुद्रे एकमेकांना चिकटतात आणि त्यातला बराचसा जातो. नॅनोट्यूब वीज उत्तम वाहतात, म्हणून कोळशात थोड्या मिसळायला त्या चांगल्या. पूर्ण पट्टी त्यांची करायची तर किमतीला उत्तर नाही. क्षमताच वाढवायची असेल तर सोडियम-मँगनीज ऑक्साइडसारखे बॅटरीतले पदार्थ पाहा. त्यांच्या स्फटिकात सोडियम आतपर्यंत शिरतो. सोलमधल्या संशोधकांनी २०१४ मध्ये एका बाजूला असा पदार्थ आणि दुसऱ्या बाजूला कोळसा ठेवून ग्रॅममागे तीस मिलिग्रॅमच्या वर मीठ काढलं. माझं आपल्याला सांगणं एवढंच, की प्रकल्पासाठी विषय शोधत असाल तर महागडा पदार्थ घेऊ नका. बाजारातला करवंटीचा कोळसा घ्या, खरं बोअरचं पाणी घ्या आणि हजार फेऱ्या चालवा. शंभराव्या, पाचशेव्या आणि हजाराव्या फेरीचा आलेख शेजारी शेजारी लावा. धन पट्टीवर काय झालं हे त्यातून जितकं स्पष्ट दिसेल तितकं दुसऱ्या कशातून दिसणार नाही.

प्रश्न : नायट्रेट आणि फ्लोराइडही निघतं का?
(एक आरोग्यसेविका, जि. यवतमाळ)

उत्तर : नायट्रेट चांगलं निघतं. त्याच्याभोवतीचं पाण्याचं वेष्टण सैल असल्याने ते बारीक छिद्रांत क्लोराइडच्याही आधी शिरतं. फ्लोराइडचं वेष्टण घट्ट असतं, त्यामुळे ते मागे रेंगाळतं. एकूण क्षार कमी झाले म्हणून फ्लोराइडही मर्यादेत आलं असं गृहीत धरू नका, पाणी वेगळं तपासून घ्या.

प्रश्न : वरचंच विचारते आहे. आठवीच्या मुलांना हे वर्गात करून दाखवता येईल का?
(दर्यापूरच्या त्याच शिक्षिका)

उत्तर : येईल, आणि जरूर दाखवा. ॲक्टिव्हेटेड कार्बनचं कापड मिळतं, त्याचे तळहाताएवढे दोन तुकडे घ्या. ते आरओच्या पाण्यात पुष्कळ वेळा धुवा, कारण नव्या कोळशातली राख पाण्यात उतरते आणि मीटरला फसवते. प्रत्येक तुकड्याच्या पाठीला ग्रॅफाइटची पट्टी लावा आणि तिचं टोक पाण्याबाहेर ठेवा. तार तिथे बांधायची. तांब्याची तार पाण्यात बुडाली तर तीच विरघळू लागते. दोन तुकड्यांच्या मध्ये जाड सुती कापड ठेवा म्हणजे ते एकमेकांना टेकणार नाहीत, आणि सगळं एका अरुंद भांड्यात पन्नास मिलिलिटर पाण्यात उभं करा. पाणी बोअरचं नको, ते पाचशेच्या आसपास येईल इतकं पातळ करून घ्या, म्हणजे थोड्या कोळशालाही झेपेल.

आधी वीज न लावता टीडीएस मीटरचा आकडा स्थिर होईपर्यंत थांबा, तो फळ्यावर लिहा. मग रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेल जोडा. तो साधारण १.२ व्होल्टचा असतो, त्यामुळे वेगळं उपकरण लागत नाही. दर पाच मिनिटांनी सेल काढून, पाणी ढवळून आकडा घ्या. तो खाली सरकायला हवा. अर्ध्या तासाने सेल बाजूला ठेवून दोन्ही पट्ट्यांच्या तारा एकमेकींना जोडा आणि आकडे घेत राहा. ते पुन्हा वर चढले तर मीठ कोळशाने विजेच्या जोरावरच धरलं होतं हे मुलांना पटेल. नुसतं खाली जाणं पुरेसा पुरावा नाही, कारण कोळसा विजेशिवायही थोडंफार शोषतो.

रेडिओतली नऊ व्होल्टची बॅटरी कुणालाही लावू देऊ नका. तेवढ्या व्होल्टेजला मिठाच्या पाण्यातून क्लोरीन वायू सुटतो. खिडक्या उघड्या ठेवा, आणि सेल आपल्याच हाताने जोडा.